वजन उतरले, ताकदही उतरली

चिखली तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे आले. सलामनंतर पहिल्याच ओळीत तक्रार होती. रमजानच्या अंकात आम्ही याच सदरात वजन कमी करण्याबद्दल लिहिले होते. चपात्या कमी करा, तळलेले टाळा, रात्रीचे जेवण निम्मे करा, असा तो मजकूर होता. या भगिनींनी तो शब्दशः पाळला. पाच महिन्यांत त्या ७२ किलोवरून ६४ किलोवर आल्या. शेजारणींनी माशाअल्लाह म्हटले, ट्रंकेतले जुने कुर्ते पुन्हा अंगात बसू लागले. पण पुढे त्यांनी लिहिले होते की आता सजद्यातून उठताना पलंगाचा कठडा धरावा लागतो, पाण्याची कळशी उचलताना हात थरथरतात, दोन जिने चढले की मांड्या भरून येतात. आणि ज्या साखरेसाठी हे सगळे केले, ती तीन महिन्यांची साखर ८.१ वरून फक्त ७.९ वर आली. शेवटी एकच प्रश्न होता: आठ किलो गेले, ते माझ्या अंगातून नेमके काय गेले?

चूक आमची होती. आम्ही ‘वजन’ हा शब्द वापरला आणि वजन कशाचे हे सांगायचे राहून गेले. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती आहे, आणि रमजान तोंडावर आला असल्याने ती आताच झालेली बरी.

आम्ही त्यांना फोन केला आणि दिवसभराचे जेवण विचारले. कमी करताना त्यांनी सर्वात आधी काय सोडले? अंडी, कारण ‘गरम’. गोश्त, कारण ‘जड’. रात्रीचे दूध, कारण ‘चरबी वाढते’. शिल्लक राहिले ते दोन चपात्या, पातळ वरण, भाजी आणि पाच कप चहा, सोबत टोस्ट किंवा खारी. चहात प्रत्येकी दोन चमचे साखर. व्यायाम कसलाच नाही, कारण आम्ही तो सांगितलाच नव्हता. हिशोब केला तेव्हा दिवसाला ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जात होती. चौसष्ट किलोच्या बाईला हे फारच कमी.

शरीराला रोज लागते त्यापेक्षा कमी खाल्ले की उरलेली गरज ते अंगातून भागवते. चरबीतून घेते, तसेच स्नायूंतूनही घेते. नुसते कमी खाऊन उतरवलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असतो. प्रथिने तुटपुंजी असली आणि अंगाला काही ओझे उचलायची सवय नसली तर तो याहूनही वाढतो. म्हणजे या भगिनींच्या आठ किलोंपैकी दोन किलो तरी मांड्या, पाठ आणि दंडातून गेले असणार. पुन्हा पहिल्यासारखे खायला लागल्यावर वजन परत येते तेव्हा ते मुख्यतः चरबी होऊन येते. दोन-तीन वेळा असे वर-खाली झाले की काटा तोच आकडा दाखवतो आणि आतले शरीर मात्र पहिल्यापेक्षा कमजोर झालेले असते.

साखर का हलली नाही, याचेही उत्तर इथेच आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि साठवून ठेवतात. स्नायू ही साखरेची कोठी. कोठीच लहान केली तर धान्य दारातच पडून राहणार.

फोनवर बोलता बोलता त्यांच्या शौहरांचा विषय निघाला. ते सडपातळ. वजन ६१ किलो, उंची साडेपाच फुटांच्या वर. बीएमआयचा हिशोब मांडला तर एकदम ‘नॉर्मल’. पण हातपाय काडीसारखे आणि कुर्त्याखाली गोल पोट. कंबर बेंबीजवळ मोजायला सांगितली तर ९४ सेंटिमीटर भरली. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे सांगितले जाते. घाटावर काय नि घाटाखाली काय, अशी शरीरे आपल्या घराघरांत आहेत. त्यांना कोणी लठ्ठ म्हणत नाही, म्हणून कोणी रक्तही तपासत नाही.

या शरीराचा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांच्यावर लक्ष ठेवले. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. पण आपल्या बाळांत कमी पडले होते ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, असे हे शरीर गर्भातूनच घडत येते, हे त्यातून समोर आले. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला गेला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा आपण काट्यावर उभे राहून आकडा वाचतो, तो अर्धीच गोष्ट सांगत असतो.

मग प्रश्न असा की चरबी उतरवायची आणि स्नायू वाढवायचे, ही दोन कामे एकाच वेळी होतात का? जिममधली मुले छातीठोकपणे सांगतात की होत नाहीत. आधी खाऊन अंग वाढवायचे, मग ते ‘कापायचे’, अशी त्यांची रीत. वर्षानुवर्षे वजने उचलणाऱ्या कसलेल्या माणसाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, कारण त्याच्याकडे वाढायला जागाच थोडी उरलेली असते. पण आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी वजन उचलण्याचा व्यायाम केलेला नाही, आणि पोटावर चरबीची शिदोरी बांधलेली आहे. अशांच्या शरीरात दोन्ही कामे एकत्र होतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुणांवर केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी खायला दिले आणि आठवड्यातून सहा दिवस कडक व्यायाम करून घेतला. ज्यांच्या जेवणात प्रथिने भरपूर होती त्यांची चार आठवड्यांत ४.८ किलो चरबी गेली आणि सव्वा किलोच्या आसपास स्नायू वाढले. ज्यांना त्याच्या निम्मी प्रथिने मिळाली त्यांची चरबी साडेतीन किलो गेली, स्नायू होते तेवढेच राहिले. इतका कडक व्यायाम आणि इतकी उपासमार घरच्या माणसाने करू नये. आम्ही हा प्रयोग एवढ्यासाठीच सांगितला की जिममधल्या मुलांना घरात उत्तर देता यावे.

आणि ‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्यांसाठी दुसरा प्रयोग. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात १९९० च्या सुमारास नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली.

आता जेवणाकडे वळू, कारण आपल्या घरांची खरी अडचण तिथेच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर किलोमागे १.२ ग्रॅमपर्यंत जावे, व्यायाम जोराचा असेल तर थोडे वरही. आमच्या भगिनींसाठी हा आकडा ७५ ग्रॅमच्या जवळ येतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वाढवू नये. मधुमेह जुना असेल तर क्रिएटिनिनची तपासणी आधी करून घ्यावी. या भगिनींनी ती केली, अल्हम्दुलिल्लाह ठीक निघाली.

पंचाहत्तर ग्रॅम ऐकून त्या घाबरल्या. ‘एवढे गोश्त रोज कुठून आणू?’ गोश्त रोज लागतच नाही. दोन अंड्यांतून १३ ग्रॅम मिळतात. पळीवर उभे राहील असे घट्ट वरण एक वाटी घेतले तर सहा-सात. पातळ वरणात पाणीच जास्त, त्याचा भरवसा धरू नका. दह्याची वाटी पाच, मूठभर फुटाणे सहा. दोन भाकरी आणि दोन चपात्या मिळून वीसच्या घरात, कारण धान्यातही प्रथिने असतात हे आपण विसरतो. आणि सोयावडी. पंचवीस ग्रॅम सुक्या वड्या म्हणजे छोटी वाटीभर, त्यातून १३ ग्रॅम मिळतात. खिम्याच्या मसाल्यात परतल्या तर मुले तक्रार करत नाहीत. दोन वेळा वरण धरले तर सत्तरीच्या वर पोचलोच. ज्या दिवशी कोंबडी शिजते त्या दिवशी शंभर ग्रॅमच्या फोडींतून वीसच्या वर मिळतात, मग सोयावडीची गरज नाही.

सोयाबीनवरून आठवले. आपल्या जिल्ह्यात खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. सोंगणी झाली की ट्रॉल्या भरून माल चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूरच्या बाजारात जातो. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये, आणि तोही पदरात पडेल याची खात्री नसते. या दाण्यात शंभरात ३६ ते ४० भाग प्रथिने आहेत. तो दाणा कवडीमोलाने विकून त्याच घरातला मुलगा दोन-तीन हजारांचा पावडरचा डबा शहरातून आणतो, हे आम्हाला पटत नाही. घरचे दोन-चार पायली सोयाबीन ठेवून घ्या. कच्चे दळू नका, कच्च्या दाण्यातले काही घटक पचन अडवतात. भिजवून, चांगली उकळी देऊन, उन्हात कडक वाळवून मग नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळून आणा. चपातीची चव फारशी बदलत नाही आणि दिवसाला माणशी पाच ग्रॅम प्रथिने आपोआप वाढतात.

त्या भगिनींचा मोठा मुलगाही असा डबा आणतो. त्याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असेच म्हटले आहे. साधी दुधाची पावडर विष नव्हे, पण जे काम अंडी आणि फुटाणे करतात त्यासाठी कर्ज कशाला? आणि डब्यावर छापले तेच आत असेल याची हमी कोण देणार? जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून घेतलेली इंजेक्शने आणि गोळ्या तर सरळ हृदयाशी, यकृताशी खेळ आहे. मुलाच्या बॅगेत सुई किंवा नाव खरवडलेली कुपी दिसली तर लाजेखातर गप्प बसू नका.

‘ताकदीचे आहे, जास्त झाले तर काय बिघडते?’ असे विचारणाऱ्यांना शेगाव तालुक्याची आठवण द्यावी. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत तीन-चार दिवसांत लोकांचे केस हातात येऊ लागले, टक्कल पडले. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. विंचूदंशावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी केली तेव्हा बाधितांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळले, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. सेलेनियम शरीराला लागतेच, पण मायक्रोग्रॅममध्ये मोजावे इतके. अनेक पावडरींत आणि गोळ्यांत अशी खनिजे मिसळलेली असतात. तीन-तीन डब्यांतून एकच खनिज घेणाऱ्या मुलाला आपण काय घेतो आहोत हे कळतही नसते.

कमी काय करायचे? चपात्यांच्या मागे हात धुवून लागण्याआधी चहाकडे पाहा. पाच कपांतली दहा चमचे साखर म्हणजे दिवसाला दोनशेच्या जवळपास कॅलरी, आणि त्यातून ताकद शून्य. मग तेल. पाच माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल पुरायला हवे. आमच्या ओळखीच्या घरांत सात-आठ लिटर सहज लागते, लग्नसराईची बिर्याणी वेगळी. या दोन ठिकाणीच हात आवरला तर महिन्याला दीड-दोन किलो उतरायला पुरेसे आहे, त्याहून वेगाने उतरवायचे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवायला सांगितले, हे आपण पाठ म्हणतो. दावतीत तिसऱ्यांदा ताट पुढे करतानाही म्हणतो.

पण त्याहून नाजूक गोष्ट दस्तरखानाची आहे. आम्ही त्या भगिनींना विचारले, घरात गोश्त शिजते तेव्हा तुमच्या वाट्याला काय येते? थोडा वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, शोरबा. बोट्या मुलांना आणि त्यांच्या अब्बांना, उरली तर सासूबाईंना. शेवटी बसणारीला पातेल्याच्या तळाचा रस्सा आणि चपाती. वीस वर्षे हेच. रस्स्यात चव असते, तेल असते. प्रथिने बोटीत असतात. म्हणजे चरबी वाढवणारा भाग बाईकडे आणि स्नायू बांधणारा भाग बाकीच्यांकडे, अशी वाटणी आपण नकळत केली आहे, आणि मग तिचेच गुडघे का दुखतात असे विचारतो. हे वाढणाऱ्या हातानेच बदलेल असे नाही. ते बदलायला समोर बसलेल्या पुरुषाने एकदा विचारले पाहिजे की तुझे ताट कुठे आहे. आम्ही त्यांच्या शौहरांना फोन द्यायला सांगितला आणि हे वाक्य त्यांना तसेच सांगितले. ते हसले, पण नाराज झाले नाहीत.

व्यायामाबद्दल पहिला आक्षेप ठरलेला: आम्ही शेतात राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला? कापूस वेचणारी बाई संध्याकाळी मोडून पडते हे खरे. पण एकसारखे वाकून हलके काम तासन्‌तास केल्याने दम वाढतो, स्नायू नाही. स्नायू वाढतो तो त्याला कालच्यापेक्षा थोडे अधिक ओझे दिले तर. पहिलवान हे जाणतात. आखाड्यातले पोर पहिल्या दिवशी पन्नास जोर मारत नाही, उस्ताद त्याला दहापासून चढवत नेतात.

आम्ही त्या भगिनींना चार प्रकार दिले, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, वीस-पंचवीस मिनिटे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून जोर काढणे. जमिनीवरून पाण्याची बादली पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून उचलणे आणि ठेवणे. आणि एका हाताने पाण्याची कॅन कमरेपर्यंत ओढणे, मग दुसऱ्या हाताने. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, थोडे थांबून पुन्हा, असे तीन फेरे. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बाराही सहज झाले की ओझे वाढवायचे. पाण्याची सोय चांगली आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. उठण्या-बसण्यासाठी त्यांनी मुलाचे शाळेचे जुने दप्तर काढले, त्यात गहू भरले आणि ते छातीशी धरले. पहिल्या महिन्यात रिकामे, मग दोन किलो, डिसेंबरात सहा किलो. ओझे उचलताना श्वास रोखायचा नाही. रक्तदाब वाढलेला असेल, छातीत दुखत असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. गुडघ्यात कळ आली तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करावी, व्यायाम सोडू नये.

जागेचा आणि पडद्याचा प्रश्न यात येत नाही. फजरनंतर गच्चीवर किंवा आतल्या खोलीत हे होते, घाटाखालच्या उन्हाळ्यात तर तीच वेळ बरी. नणंद-भावजय, मायलेकी मिळून केले तर टिकते. बायकांनी धावणे-पळणे शोभत नाही असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना अबू दाऊदमधली हदीस सांगावी. प्रवासात हजरत आयेशा (रजि.) आणि प्रेषित (स.) यांनी धावण्याची शर्यत लावली आणि आयेशा (रजि.) जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली तेव्हा त्या हरल्या, आणि प्रेषितांनी (स.) ही मागच्या शर्यतीची परतफेड झाल्याचे सांगितले. नवरा-बायकोत वजनावरून बोलणे किती हलके-फुलके असू शकते, हेही त्यातून दिसते. आपल्याकडे त्याच विषयावर बायकोला चारचौघांत टोमणे मारले जातात.

मशिदीत मागच्या ओळीतल्या खुर्च्या वाढत चालल्या आहेत, हे आपण सगळेच पाहतो. आजाऱ्याला शरीअतने मुभा दिली आहे आणि ती त्याची आहे, त्यावर कुणी कुरकुर करू नये. पण चाळिशी-पन्नाशीतले काही जण केवळ मांड्यांत जोर उरला नाही म्हणून खुर्चीवर गेले आहेत. दिवसाच्या फर्जच्याच सतरा रकअती. नमाज इबादत आहे, तिला कसरत म्हणणे आम्हाला आवडत नाही. शिवाय तिच्यात आपण आपलेच वजन उचलतो, ते वाढत नाही, म्हणून नमाजी माणसालाही वेगळा व्यायाम लागतोच. उलट बाजूने पाहा: ज्याच्या मांड्यांत जोर आहे त्याला सजद्यातून कठडा धरावा लागत नाही.

ताकद मोजायची साधी रीत आहे. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठायचे-बसायचे आणि घड्याळ लावायचे. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर स्नायूंकडे लक्ष द्यायची वेळ आली. दुसरी रीत शिंप्याच्या टेपची: पोटरीचा सर्वात जाड भाग पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर डॉक्टरांशी बोलावे, विशेषतः साठीनंतर.

रमजानात हे थांबवायचे नाही, फक्त वेळ बदलायची. ओझ्याचा व्यायाम इफ्तारनंतर तास-दीड तासाने किंवा तरावीहनंतर, तीनऐवजी दोन फेरे. चालणे इफ्तारच्या आधी अर्धा तास, तेही सावकाश. खरी गडबड जेवणात होते. इफ्तारला भजी, समोसे आणि सरबत यांनीच पोट भरते, आणि सेहरीला चहात बुडवलेली डबलरोटी. खजूर-पाण्याने रोजा सोडून मगरीबनंतर वरण, चणे, अंडी किंवा कोंबडी यांचे नीट जेवण घ्या. सेहरीला दोन अंडी किंवा दही आणि भाकर चुकवू नका. साखरेची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. रक्ताचा थेंब तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलमांचे सर्वसाधारण मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावाच लागतो.

डिसेंबरच्या शेवटी त्या भगिनींचा फोन आला. वजन ६२ किलो. चार महिन्यांत फक्त दोनच किलो उतरले, म्हणून शेजारणी आता काही म्हणत नाहीत. कंबर मात्र ९२ वरून ८५ वर आली. ऑगस्टमध्ये हात न टेकता तीनदाच उठता आले होते, आता पाच वेळा तेरा सेकंदांत. औषधे तीच, तीन महिन्यांची साखर ७.२. शौहरांची कंबर अजून जागची हललेली नाही, कारण ते ओट्याजवळ उभे राहून फक्त मोजतात. सासूबाईंनी मात्र आपण होऊन दप्तर मागितले, रिकामे.

शाबानच्या अंकासाठी आम्हाला वाचकांची पत्रे हवी आहेत. घरातल्या प्रत्येकाची कंबर, पोटरी आणि पाच उठबशांचे सेकंद एका कागदावर लिहून पाठवा. वजन लिहिले नाही तरी चालेल.